'नाही' म्हणण्याची नोकरी

१ ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआयवरची एक सोय बंद झाली. कुणाकडून पैसे यायचे असतील, तर त्याच्या फोनवर तेवढ्या रकमेची मागणी धाडता येत असे. समोरच्यानं पिन टाकला की पैसे आपल्या खात्यात. या 'कलेक्ट रिक्वेस्ट'चा दोन व्यक्तींमधला वापर नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशननं, म्हणजे एनपीसीआयनं थांबवला. व्यापाऱ्यांसाठी ती चालू राहिली.

तिच्यात तांत्रिक बिघाड काहीच नव्हता. मागणी नीट पोचत होती, पैसे बिनचूक वळते होत होते. बिघडलं होतं ते भलतीकडेच. जुनं कपाट ऑनलाइन विकायला काढलेल्या माणसाला फोन यायचा: 'ॲडव्हान्स पाठवतोय, स्क्रीनवर आलंय बघा, पिन टाका की जमा होईल.' तो पिन टाकायचा आणि पैसे यायच्या ऐवजी जायचे. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे बँकांनी एसएमएस धाडून, जाहिराती देऊन वर्षानुवर्षं सांगितलं. तरी माणसं फसतच राहिली. शेवटी लोकांना शहाणं करण्याचा नाद सोडून ती सोयच काढून टाकली गेली.

वाटतो तेवढा हा निर्णय सोपा नसतो. ती सोय सरळपणे वापरणारेही होते. एका खोलीत राहणारी मुलं विजेचं बिल वाटून घ्यायची, ती तिच्यावरच. चालू असलेली गोष्ट उपटून काढायची म्हणजे इंजिनिअरांना नवं काम आणि नव्या चुकांना वाव. शिवाय नवं काही दिल्याचं श्रेय मिळतं, काढून टाकल्याचं कुणी हार घालून कौतुक करत नाही. किती जण वापरतात, किती जण फसतात, काढल्यावर वापरणाऱ्यांना दुसरी वाट कोणती, या सगळ्याचा हिशेब मांडून 'आता हे नको' असं कुणीतरी म्हणावं लागतं. सॉफ्टवेअरच्या जगात या कामाला प्रॉडक्ट मॅनेजमेंट म्हणतात आणि ते करणाऱ्याला प्रॉडक्ट मॅनेजर, बोलीभाषेत 'पीएम'.

गेल्या दहा-बारा वर्षांत या पदाचा बोलबाला झाला आहे. इंजिनिअरिंग करून एमबीए केलेल्या मुलांना ते हवं असतं, त्याचे क्लास निघाले आहेत, मुलाखतींची तयारी करून देणारे शिक्षकही आहेत. या पेशाबद्दल बोललं जातं ते बहुतेक 'काय घडवलं' याविषयी. पण हा माणूस ओळखायचा तो त्याच्या नकारावरून. आणि हुकूम सोडण्याचा अधिकार हातात नसताना तो नकार पटवून देता येतो का, यावरून.

हाताखाली कोणी नाही

प्रॉडक्ट मॅनेजरच्या हाताखाली सहसा कोणी नसतं. कोड लिहिणारे डेव्हलपर इंजिनिअरिंग मॅनेजरला उत्तर देतात, स्क्रीन आखणारे डिझायनर त्यांच्या प्रमुखाला, माल विकणारे सेल्सच्या साहेबाला. यातल्या कुणाची पगारवाढ त्याच्या सहीनं होत नाही. पण वस्तू चालली नाही, तर पहिला प्रश्न त्यालाच विचारला जातो. लग्नघरात एखादा मामा असतो. मंडपवाला त्याचा नोकर नसतो, आचाऱ्याला त्याचं ऐकायची सक्ती नसते, व्याही तर मुळीच ऐकत नाहीत; तरी पंगत लांबली की सगळे त्याच्याकडेच बघतात. पीएमची गत बरीचशी तशी.

प्रोजेक्ट मॅनेजर आणि प्रॉडक्ट मॅनेजर यांच्यात नेहमी गल्लत होते. ठरलेलं काम ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या पैशात पुरं करून देणं ही प्रोजेक्ट मॅनेजरची जबाबदारी. काम हातावेगळं झालं की तो मोकळा. काय करायचं आणि मुळात का करायचं, हे ठरवणं प्रॉडक्ट मॅनेजरकडे. काम हातावेगळं झालं की त्याची खरी परीक्षा सुरू होते, कारण वस्तू आता लोकांच्या हातात गेलेली असते.

ह्युलेट-पॅकार्ड, नेटस्केप आणि ईबे अशा कंपन्यांत काम केलेल्या मार्टी केगन यांनी या पेशावर 'इन्स्पायर्ड' नावाचं पुस्तक लिहिलं, ते बहुतेक पीएमनी वाचलेलं असतं. त्यांच्या मांडणीत कुठल्याही नव्या वस्तूसमोर चार धोके असतात. लोकांना ती हवी आहे का? ती त्यांना वापरता येईल का? आपल्याला ती बनवता येईल का? आणि आपल्या धंद्याला, तिजोरीला, कायद्याला ती झेपेल का? दुसरा प्रश्न डिझायनर पेलतो, तिसरा इंजिनिअर. पहिला आणि चौथा पीएमच्या गळ्यात पडतो. बुडालेल्या बहुतेक वस्तू बनवता आल्या नाहीत म्हणून बुडालेल्या नसतात. त्या उत्तम बनलेल्या असतात, फक्त कुणाला नको असतात.

साबणाच्या वडीपासून

हे पद संगणकाच्या आधीचं आहे. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात प्रॉक्टर अँड गॅम्बल ही साबण बनवणारी कंपनी. तिचा 'आयव्हरी' साबण घरोघरी पोचलेला. त्याच कंपनीनं 'कॅमे' नावाचा दुसरा साबण काढला, पण त्याच्याकडे लक्ष द्यायला कुणाला फुरसत नव्हती. बाहेरच्या कंपन्यांशी लढायचंच, पण घरातल्याच थोरल्या भावाच्या सावलीतही उभं राहायचं, अशी त्याची अवस्था. कॅमेच्या जाहिरातींचं काम बघणारा नील मॅकेलरॉय तेव्हा २६ वर्षांचा होता. १३ मे १९३१ रोजी त्यानं वरिष्ठांना तीन पानी टिपण लिहिलं. एका पानापेक्षा मोठं टिपण लिहायचं नाही, असा त्या कंपनीचा दंडक. म्हणजे तीन पानं हा आगाऊपणाच.

त्याची मागणी अशी होती की प्रत्येक साबणाला स्वतःचा एक माणूस द्या. हा 'ब्रँड मॅन' कोणत्या भागात माल खपतो आणि कुठे पडून राहतो, ते आकड्यांवरून शोधील. खपतो तिथे का खपतो, हे समजून घेऊन तो उपाय दुसरीकडे लावील. जिथे खपत नाही तिथे स्वतः जाईल, दुकानदारांशी बोलेल, जुन्या जाहिराती तपासेल, उपाय सुचवेल आणि तो लागू पडला की नाही तेही मोजेल. कंपनीनं टिपण मान्य केलं. मॅकेलरॉय पुढे १९४८ मध्ये त्या कंपनीचा अध्यक्ष झाला आणि १९५७ मध्ये अमेरिकेचा संरक्षणमंत्री.

त्या तीन पानांत आजच्या पीएमचं जवळजवळ सगळं काम येऊन गेलं आहे. आकडे बघा, पण आकड्यांपाशी थांबू नका, जागेवर जा. एका वस्तूचं बरंवाईट एकाच्या माथी असू द्या.

हीच कल्पना जपानमध्ये वेगळ्या वाटेनं उगवली. टोयोटात प्रत्येक मोटारीला एक 'शुसा', म्हणजे मुख्य अभियंता नेमण्याची पद्धत १९५० च्या दशकात रुजली. इंजिन, सांगाडा, रंग अशा निरनिराळ्या विभागांतले अभियंते आपापल्या विभागप्रमुखांचेच राहत. शुसाला त्यांच्यावर हुकूम चालवता येत नसे, पण गाडी कशी व्हावी याचा अखेरचा शब्द त्याचा. १९६६ साली आलेल्या कोरोलाचे शुसा तात्सुओ हासेगावा. गाडीला प्रत्येक बाबतीत शंभरपैकी ८० गुण हवेत, पण तेवढ्यावर भागत नाही, काही बाबतींत ती त्याहून वरचढ हवी, असं त्यांचं सूत्र होतं. निम्मं शहाणपण त्या '८०' मध्ये आहे. सगळीकडे शंभर मिळवायला निघालेली गाडी सामान्य माणसाला परवडत नाही. कुठे ८० वर थांबायचं आणि कुठे पुढे जायचं, हे ठरवणारा शुसा.

सॉफ्टवेअरमध्ये हे पद १९८० च्या दशकात आलं. प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्येच घडलेला स्कॉट कुक १९८३ साली इन्ट्युइट या कंपनीचा सहसंस्थापक झाला, तेव्हा साबण विकण्याची ती शिस्त तो घेऊनच आला. मायक्रोसॉफ्टमध्ये 'प्रोग्रॅम मॅनेजर' आले, गूगलनं २००२ मध्ये नव्या पदवीधरांना या कामासाठी घडवण्याचा वेगळा कार्यक्रम सुरू केला. त्याआधी नेटस्केपमध्ये बेन होरोविट्झ यांनी चांगला आणि वाईट प्रॉडक्ट मॅनेजर यांच्यातला फरक सांगणारं टिपण सहकाऱ्यांसाठी लिहिलं होतं. चांगला पीएम आपल्या वस्तूचा सीईओ असतो, हे त्यातलं म्हणणं जगभर पसरलं. त्यानं नुकसानही केलं. सीईओला माणसं नेमता येतात, काढता येतात, पैसे वळवता येतात. पीएमला यातलं काहीच करता येत नाही. ही उपमा खरी मानून पहिल्याच दिवशी डेव्हलपरांना फर्मावू लागलेला पीएम महिन्याभरात एकटा पडतो. होरोविट्झ यांना सबब न सांगणारी जबाबदारी म्हणायची होती. वाचणाऱ्यांनी त्यातली खुर्ची तेवढी उचलली.

एकाच घरातल्या दोन गाड्या

ही चर्चा अमेरिका-जपानातच ठेवायचं कारण नाही. पुण्यात टाटा मोटर्सनं पाच वर्षांच्या आत-बाहेर दोन गाड्या घडवल्या. दोन्हींच्या मागे गिरीश वाघ यांचं नेतृत्व. पहिली टाटा एस, लोकांच्या तोंडी 'छोटा हत्ती'. दुसरी नॅनो.

२००० च्या सुमारास टाटा मोटर्स जबर तोट्यात होती आणि मालमोटारींचा बाजार मंदीत. छोटं मालवाहू वाहन काढता येईल का, हे बघायला तरुणांची तुकडी नेमली गेली. ही मंडळी मालवाहू तीनचाकी चालवणाऱ्यांना, त्यांच्या मालकांना, आडत्यांना जाऊन भेटली. मोठे ट्रक दिवसा शहरात येऊ देत नाहीत, तीनचाकी लांब पल्ल्याला टिकत नाही, म्हणजे मधली जागा रिकामी आहे, हे गणित त्यांना दिसलं. पण त्याहून मोलाची गोष्ट बोलण्यातून कळली. तीनचाकीवाल्याला चार चाकं हवी होती ती फक्त जास्त माल नेण्यासाठी नव्हे. चार चाकांचा मालक म्हटलं की गावात, सोयरिकीत, बँकेत वजन वाढतं.

मग नकारांची यादी सुरू झाली. वेग नको. मोठं इंजिन नको. इंडिकाच्या चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनावरून दोन सिलिंडरचं, सुमारे ७०० सीसीचं इंजिन बेतलं, १६ अश्वशक्तीचं. पाऊण टन माल नेणारी ही गाडी मे २००५ मध्ये आली आणि तिनं देशात छोट्या मालवाहू वाहनांचा नवा वर्गच उभा केला. भाजी, गॅस सिलिंडर, मांडवाचं सामान, शाळेची बाकं, गणपती असं सगळं तिच्यातून फिरू लागलं.

नॅनोची सुरुवात वेगळी झाली. पावसात स्कूटरवरून जाणारं चौकोनी कुटुंब रतन टाटांनी बघितलं आणि त्यांना सुरक्षित गाडी परवडावी असं ठरवलं, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. किंमत एक लाख, हे आधीच ठरलं. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीत गाडी दाखवली गेली तेव्हा जगानं तोंडात बोट घातलं. ६२४ सीसीचं इंजिन मागे, आत चार माणसं ऐसपैस, असं ते अभियांत्रिकीचं खरंच नवल होतं. मार्च २००९ मध्ये ती बाजारात आली. गुजरातमधल्या साणंदच्या कारखान्याची क्षमता वर्षाला अडीच लाख गाड्यांची. सर्वांत चांगल्या वर्षात, २०११-१२ मध्ये, विक्री ७५ हजारांच्याही आतच राहिली. २०१८ मध्ये उत्पादन थांबलं.

पश्चिम बंगालमधल्या सिंगूरहून कारखाना हलवावा लागला, काही गाड्यांनी पेट घेतल्याच्या बातम्या आल्या, कच्चा माल महागला. ही कारणं खरी आहेत. पण रतन टाटांनी स्वतःच पुढे मान्य केलं की 'सर्वांत स्वस्त गाडी' असा शिक्का बसला, हे चुकलं. स्कूटर विकून मोटार घेणाऱ्याला पावसापासून आडोसा तर हवाच होता, पण बिल्डिंगखाली गाडी लावताना मान वर ठेवायची होती. 'जगातली सर्वांत स्वस्त' असं जिचं नाव झालं, ती गाडी त्याला ते कसं देणार? तिची मागची डिकी बाहेरून उघडत नव्हती. काटकसरीत ती सोय गेली होती. उघडणारी डिकी आली २०१५ मध्ये. तोवर बाजार ऑल्टो आणि जुन्या गाड्यांकडे वळला होता.

चार चाकांत प्रतिष्ठा असते, हे एसच्या वेळी तीनचाकीवाल्यांकडून याच कंपनीला कळलं होतं. नॅनोच्या वेळी 'किती रुपयांत' हा प्रश्न आधी आला आणि 'कशासाठी' हा नंतर. केगन यांच्या चार धोक्यांपैकी तिसरा, बनवता येईल का, हा नॅनोनं दिमाखात जिंकला. पहिल्यावर ती हरली. एक लाखाच्या आकड्याला 'नाही, सव्वा लाख घेऊ पण डिकी उघडू दे' असं पटवून देणारा आवाज तिला मिळाला असता, तर काय झालं असतं, हा प्रश्न प्रत्येक होतकरू पीएमनं स्वतःला विचारण्याजोगा आहे. कारण तो नकार कंपनीच्या अध्यक्षांच्या जाहीर शब्दाला द्यावा लागला असता.

पिन, पेटी आणि पानवाला

यूपीआयकडे पीएमच्या नजरेनं बघितलं, तर त्याचं यश वगळलेल्या गोष्टींत सापडतं. त्याच्या आधी २०१० पासून आयएमपीएस होतंच. चोवीस तास, तत्क्षणी पैसे जात होते. पण त्यासाठी समोरच्याचा खाते क्रमांक आणि अकरा अक्षरांचा आयएफएससी कोड, नाहीतर मोबाइल क्रमांकासोबत सात आकड्यांचा एमएमआयडी लागे. हा एमएमआयडी काय असतो, हे बँकेच्या काउंटरवरही दोनदा विचारावं लागे. ११ एप्रिल २०१६ रोजी रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते यूपीआय जाहीर झालं, तेव्हा खालचे रूळ तेच होते. वरून आकडे, कोड, शाखेचं नाव काढून टाकलं होतं. उरला एक पत्ता आणि एक पिन. कोणत्याही बँकेचं खातं कोणत्याही ॲपवर चालेल, ही अट बँकांना रुचणारी नव्हती. आपला ग्राहक दुसऱ्याच्या ॲपवर जाईल अशी भीती होती. ती अट ढिली झाली असती, तर प्रत्येक बँकेचं वेगळं बेट झालं असतं.

पुढे व्यवहार वाढले तशी अडचण बदलली. चहाचे दहा रुपयेही बँकेच्या मुख्य यंत्रणेवर मोठ्या रकमेच्याच तोऱ्यात धडकू लागले. सप्टेंबर २०२२ मध्ये यूपीआय लाइट आलं, छोट्या रकमांना पिन नको, फोनवरच्याच शिलकीतून त्या कापून घ्या. इथे सुरक्षेचा थोडा हिस्सा वेगासाठी जाणूनबुजून सोडला आहे, आणि रकमेवर मर्यादा घालून तो धोका बांधून ठेवला आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये साध्या बटणांच्या फोनसाठी यूपीआय १२३पे आलं. ऑगस्ट २०२५ मध्ये महिन्याच्या व्यवहारांच्या संख्येनं दोन हजार कोटींचा टप्पा ओलांडला.

गल्ल्यावरच्या बोलक्या पेटीची गोष्ट याहून शिकवणारी आहे. पानवाल्याचे हात चुन्या-काताने माखलेले, वडापाववाल्याचे बेसनाने. दर वेळी फोन उचलून पैसे आले का बघणं त्यांना शक्य नाही. गिऱ्हाईक दाखवतं तो स्क्रीनशॉट खोटाही असू शकतो. पेटीएमनं आणलेल्या साउंडबॉक्सनं रक्कम मोठ्यानं सांगायला सुरुवात केली, मग फोनपे, भारतपे यांच्याही पेट्या आल्या. जानेवारी २०२० पासून यूपीआयवर व्यापाऱ्याकडून शुल्क घेता येत नाही. मग या कंपन्यांनी कमवायचं कसं? पेटीचं दरमहा भाडं हे त्याचं एक उत्तर झालं. पानवाल्याची गरज आणि कंपनीचा हिशेब एकाच प्लास्टिकच्या डबीत बसले. त्यासाठी कुणाला तरी गल्ल्यापाशी उभं राहून त्याचे हात बघावे लागले असणार.

शिकता येण्याजोगं

मग या कामाला लागतं काय? कोड लिहिता यायलाच हवा असं नाही. पण 'हे दोन दिवसांचं आहे की दोन महिन्यांचं' हे इंजिनिअर सांगतो, तेव्हा त्यातलं खरं किती आणि घाबरून फुगवलेलं किती, हे ओळखण्याइतकी समज हवी. बाकीची कौशल्यं साधी वाटतात, म्हणूनच ती दुर्मीळ आहेत.

पहिलं, बघणं. लोक काय मागतात ते ऐकून यादी करणारे पुष्कळ. लोक काय करतात ते बघणारे थोडे. इन्ट्युइटची माणसं दुकानात उभी राहून सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्याला विचारायची, 'तुमच्याबरोबर घरी येऊ का? तुम्ही हे कसं सुरू करता ते नुसतं बघायचंय.' घरखर्चासाठी बनवलेलं त्यांचं क्विकन बरेच जण दुकानाच्या, छोट्या धंद्याच्या हिशेबाला वापरतात, हे त्यांना कळलं. त्यातून १९९२ मध्ये क्विकबुक्स जन्मलं. पुण्यात कैलाश काटकर यांनी हेच कुठलंही पुस्तक न वाचता केलं. कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात करून ते संगणक दुरुस्तीकडे वळले. दुकानात येणारी कितीतरी यंत्रं बिघडलेली नसायची, त्यांना व्हायरस लागलेला असायचा, आणि एकदा साफ करून दिलेलं यंत्र पुन्हा यायचं. धाकटे भाऊ संजय यांनी त्यावर प्रोग्रॅम लिहिला. त्यातून उभी राहिलेली क्विक हील ही कंपनी २०१६ मध्ये शेअर बाजारात नोंदली गेली. दुरुस्तीच्या टेबलावर जे रोज दिसत होतं, ते इतर दुकानदारांनाही दिसत असणारच. ते 'एकेक गिऱ्हाईक' बघत होते, काटकरांनी त्यातला पुन्हा पुन्हा येणारा रोग बघितला.

दुसरं, आकड्यांशी प्रामाणिक राहणं. दिवसाला पाच नोटिफिकेशन धाडली की ॲप उघडणाऱ्यांची संख्या वाढते. मीटिंगमध्ये वर चढणारी रेघ दाखवता येते. पण त्याच आठवड्यात किती जणांनी नोटिफिकेशन बंद केली, किती जणांनी ॲपच काढून टाकलं, ही रेघ शेजारी ठेवली की चित्र बदलतं. चांगला पीएम आपल्या यशाचा आकडा ठरवतानाच त्याला खोटं पाडू शकणारा दुसरा आकडाही ठरवून ठेवतो.

तिसरं, लिहिणं. ॲमेझॉनमध्ये २००४ पासून वरिष्ठांच्या बैठकांतून पॉवरपॉइंट हद्दपार झालं. त्याजागी सहा पानांचं सलग टिपण आलं, बैठकीच्या सुरुवातीला सगळे ते गप्प बसून वाचतात. नवी वस्तू बनवण्याआधी तिच्या प्रकाशनाची बातमी लिहून बघायची, अशीही तिथली रीत. बातमीतच जिचा उपयोग सांगता येत नाही, ती बनवून काय सांगणार? पाच ठिपक्यांच्या स्लाइडमध्ये विचारांतली भोकं झाकता येतात. सलग परिच्छेदात 'कारण' हा शब्द लिहावा लागतो, आणि तिथे पितळ उघडं पडतं.

चौथं, नकार. पीएमकडे मागण्यांचा ढीग असतो. त्याला बॅकलॉग म्हणतात. सेल्सच्या माणसाला एका मोठ्या गिऱ्हाइकासाठी खास सोय हवी असते, साहेबांना विमानात सुचलेली कल्पना हवी असते, इंजिनिअरांना जुना कोड नव्यानं लिहायचा असतो. यातलं कुणीच चुकीचं बोलत नसतं. तरी दहातल्या आठ गोष्टींना नाही म्हणावं लागतं, आणि असं की पुढच्या सोमवारी तेच लोक पुन्हा आपल्याशी मोकळेपणी बोलतील. 'नंतर बघू' हा नकार नव्हे. ती उधारी असते आणि व्याजासकट परत येते. कारण सांगून, पुरावा दाखवून, 'अमुक बदललं तर पुन्हा विचार करू' अशी अट घालून दिलेला नकार माणसं पचवतात.

सर्वांत अवघड नकार स्वतःच्या कंपनीला असतो. तिकीट काढताना विम्याची टिचकी आधीच मारून ठेवलेली, शेवटच्या पानावर उगवणारं शुल्क, दोन मिनिटांत सुरू होणारी आणि दोन दिवसांतही बंद न होणारी वर्गणी, हे सगळं कुणीतरी बसून आखलेलं असतं, आणि बहुतेकदा त्यानं तिमाहीचा आकडा वाढलेला असतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा १३ फसव्या रचनांवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. कायदा यायच्या आधी जिथे त्या नव्हत्या, तिथे कुणीतरी खोलीत बसून 'हे आपण करायचं नाही' असं म्हटलेलं होतं.

रिक्वायरमेंट येते कुठून

पुण्या-मुंबईत संगणकाचं काम तीस-पस्तीस वर्षं चाललं आहे, तरी या पेशाची ओळख उशिरा का झाली? आपला आयटी उद्योग वाढला तो सेवांवर. क्लायंट परदेशात, काय बनवायचं ते तिकडे ठरायचं, इकडे 'रिक्वायरमेंट' यायची. एस्टिमेट द्यायचं, वेळेत पुरवायचं, माणूस-तासांवर बिल करायचं. त्या शिस्तीनं लाखो घरं उभी केली, तिला कमी लेखण्याचं कारण नाही. पण त्या व्यवस्थेत 'हे का बनवायचं' असं विचारणारा माणूस क्लायंटला उद्धट वाटतो आणि साहेबाला महाग. शिवाय बिल तासांवर असेल, तर कमी काम सुचवणं म्हणजे स्वतःच्या कंपनीचं उत्पन्न घटवणं.

आता चित्र बदलतं आहे. आयसर्टिस, द्रुवा यांसारख्या कंपन्यांची मुळं पुण्यात आहेत. मास्टरकार्ड, बार्कलेज अशांची मोठी तंत्रज्ञान केंद्रं इथे आहेत आणि त्यांतल्या काही वस्तूंचे निर्णयही इथूनच होऊ लागले आहेत. बाणेर-खराडीच्या ऑफिसांत 'पीएम' ही पाटी नवी राहिलेली नाही. पाटी बदलली म्हणून काम बदलतंच असं मात्र नाही. पुष्कळ ठिकाणी पीएम म्हणजे वरून आलेल्या यादीची तिकिटं, म्हणजे कामाच्या चिठ्ठ्या, पाडून डेव्हलपरांना वाटणारा कारकून. त्याला नाही म्हणण्याची मुभा नसते. मग त्याला मिळतो तो हुद्दा आणि बरा पगार.

त्या कारकुनीवर आता एआयची कुऱ्हाड आहे. तिकिटं लिहिणं, बैठकांचं टिपण काढणं, कच्चा नमुना बनवणं ही कामं यंत्र मिनिटांत करतं. बनवणं जितकं स्वस्त होईल, तितका नको त्या वस्तूंचा पूर वाढेल. महिन्याभराचं काम लागणार म्हटल्यावर ज्या कल्पना आपोआप गळायच्या, त्या आता दुपारपर्यंत चालत्या-बोलत्या होऊन समोर उभ्या राहतात. त्यांना नाही म्हणणं पूर्वीपेक्षा कठीण होणार आहे.

सातबाऱ्याचा पीएम कोण?

या पेशाची सर्वांत जास्त गरज जिथे आहे, तिथे तो जवळजवळ नाही. सरकारी पोर्टल आणि ॲप. निविदा निघते, काम ठेकेदाराला जातं, वेळेत सोपवलं जातं, उद्घाटन होतं. हा प्रोजेक्ट झाला. दुसऱ्या दिवशी ओटीपी येईना झाला, फॉर्मच्या शेवटच्या पानावर सगळं पुसलं गेलं, की उत्तर द्यायला कुणी नसतं. ठेका संपलेला असतो, अधिकाऱ्याची बदली झालेली असते.

अपवाद आहेत, आणि ते शिकवून जातात. सातबाऱ्यावर पिकाची नोंद करणं हे पूर्वी तलाठ्याचं काम असे. तो प्रत्येक बांधावर पोचू शकत नसे, आणि नोंदी घरबसल्या होतात ही शेतकऱ्यांची जुनी तक्रार होती. टाटा ट्रस्टच्या मदतीनं महसूल विभागानं १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर आणली. शेतकऱ्यानं स्वतःच शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, नोंद करायची. पहिल्या वर्षी भरपूर ओरड झाली: रेंज नाही, सर्व्हर चालत नाही, फोन नाही, चूक झाली तर दुरुस्त होत नाही. पुढच्या वर्षी, १ ऑगस्ट २०२२ पासून दुसरी आवृत्ती आली. केलेली नोंद ४८ तासांत दुरुस्त करण्याची मुभा आली. शेतकऱ्याची नोंद प्रमाण मानायची आणि त्यातल्या १० टक्के तलाठ्यानं तपासायच्या, असं ठरलं. फोटो काढणारा गटापासून किती लांब उभा आहे, हे ॲप दाखवू लागलं. अडचणी संपल्या नाहीत, आजही मुदती वाढवाव्या लागतात. पण तक्रार ऐकून वस्तू बदलली, आणि सगळ्या नोंदी तपासण्याचा सरकारी हट्ट सोडून दहातली एकच तपासण्याचा धोका पत्करला. हे काम प्रॉडक्ट मॅनेजरचंच. ते करणाऱ्यांच्या ओळखपत्रावर काहीही लिहिलेलं असो.

पीकविमा, नुकसानभरपाई, हमीभाव हे सगळं त्या नोंदीवर लटकलेलं आहे. तिकिटाच्या ॲपमध्ये चूक झाली, तर माणूस चिडून दुसरं ॲप घेतो. सातबाऱ्याला दुसरं ॲप नाही. जिथे गिऱ्हाइकाला सोडून जाता येत नाही, तिथे त्याच्या बाजूनं बोलणारा माणूस व्यवस्थेच्या आतच बसवावा लागतो. म्हणून राज्याच्या प्रत्येक डिजिटल निविदेत एक कलम हवं: उद्घाटनानंतर निदान पाच वर्षं या सेवेचं बरंवाईट कोणाच्या नावावर राहील, आणि मंत्र्यांनी सुचवलेल्या एखाद्या नव्या बटणाला नाही म्हणण्याचा हक्क त्याला आहे की नाही. पहिल्या भागाचं उत्तर द्यायला प्रशासन तयार होईल. भांडण दुसऱ्यावर होईल, आणि ते व्हायला हवं.